दोन कसरी

आमच्या मोहल्ल्यातील मशिदीत, मिहराबीपासून तिसऱ्या सफीच्या बरोबर वर, छताला एक डाग आहे. पावसाळ्यात तो ओला होतो, हिवाळ्यात सुकतो, पण जात नाही. नवा पाहुणा वर पाहून विचारतो, "गळतंय का?" आम्ही "थोडंसं" म्हणतो आणि विषय बदलतो. विषय बदलण्याचे कारण असे की हा डाग पावसाने पाडलेला नाही. तो आम्हीच पाडला आहे.

२०२३ साली रमजान २४ मार्चला सुरू झाला. मशिदीवर दुसरा मजला चढवण्याचे काम त्याआधी वर्षभर रेंगाळत होते. चंदा यायचा तेव्हा काम चालायचे, संपला की थांबायचे. फेब्रुवारीच्या अखेरीस एकदाचा स्लॅब पडला. मिस्त्रींनी तेव्हाच सांगून ठेवले होते की तुळया लांब आहेत, एकवीस दिवस टेकूंना हात लावायचा नाही. कमिटीची बैठक बसली आणि बोटांवर हिशेब झाला. एकवीस दिवस म्हणजे चांदरात दाराशी आली. मग गिलावा कधी, रंग कधी, फरशी कधी? दहाव्या दिवशी आम्ही मिस्त्रींना म्हणालो, "काढा सेंट्रिंग." ते म्हणाले, "जनाब, अजून आठ-दहा दिवस राहू द्या. माल कच्चा आहे." तेव्हा आमच्यापैकी एक बुजुर्ग म्हणाले, "अल्लाहचं घर आहे, अल्लाह सांभाळील." या वाक्यापुढे गरीब मिस्त्री काय बोलणार? टेकू निघाले. वर साठवलेले पाणीही त्याच दिवशी सोडून दिले, कारण ओल खाली उतरली तर रंग धरणार नव्हता.

पहिली तरावीह नव्या छताखाली झाली. लोकांनी कमिटीला दुआ दिल्या. जुलैमध्ये तुळईच्या मध्याजवळ केसासारख्या भेगा दिसू लागल्या आणि डाग उमटला. शहरातून अभियंता आणला. त्याने छताला दोरी लावून पाहिली, मधोमध स्लॅब किंचित झुकला होता. आता खालून दोन लोखंडी गर्डर दिले आहेत आणि त्यांना भिंतीचाच रंग लावला आहे, म्हणजे कोणाच्या डोळ्यांत येऊ नयेत. कोणालाही इजा झाली नाही. ही आमची हुशारी नव्हे, त्या मालिकाची मेहरबानी.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. घाई करणे वाईट आहे काय? लहानपणापासून ऐकत आलो, जल्दी का काम शैतान का. कोकणातल्या घाटांत रस्त्याच्या कडेला पाटी असते, अति घाई संकटात नेई. इथपर्यंत सगळे सोपे आहे. पण आमच्याच धर्मात भलाईकडे धाव घ्यायलाही सांगितले आहे. कमिटीतील बुजुर्ग काही खोटे बोलत नव्हते. त्यांची नियत नेक होती. मशीद रमजानपूर्वी तयार व्हावी यात वाईट ते काय?

बल्खचे जुने सूफी हातिम असम यांच्या नावाने एक गोष्ट सांगितली जाते. घाई सैतानाकडून असते, पण पाच कामे त्यातून वगळली आहेत: पाहुण्याला जेवू घालणे, मय्यतीचे दफन, उपवर मुलीचा निकाह, कर्जाची फेड आणि गुनाहाची तौबा. ही यादी आम्ही वाझमध्ये अनेकदा ऐकली होती. पण छताला भेगा पडल्यावर पहिल्यांदा नीट विचार केला. पहिल्या चारांत कोणीतरी दुसरा माणूस वाट पाहतो आहे. पाहुणा भुकेला आहे, मय्यत पडून आहे, मुलगी थांबली आहे, सावकाराचा पैसा अडकला आहे. पाचव्यात आपला मृत्यू किती दूर आहे ते ठाऊक नाही. म्हणजे घाईची परवानगी घाई करणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. ती वाट पाहणाऱ्याच्या गरजेसाठी आहे.

आमच्या मशिदीत कोण वाट पाहत होते? तळमजल्याचा जुना भाग नमाजींना पुरत होता. फार तर जुम्म्याला दोन सफी अंगणात लागल्या असत्या. खरे सांगायचे तर रमजानमध्ये चंदा येतो, आणि पूर्ण झालेली मशीद पाहून तो जास्त येतो, हा खजिनदारांचा हिशेब होता. शिवाय पलीकडच्या गावाने आपला मजला आदल्या वर्षीच पूर्ण केला होता. ती तारीख रमजानची नव्हतीच. ती आमच्या नाकाची होती.

आता याच कोकणातले दुसरे उदाहरण पाहू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बसेस आणि काही खासगी गाड्या अंधारात नदीत गेल्या. पुढे कित्येक दिवस मृतदेहांचा शोध चालला होता. कोकणातील प्रत्येक घराने ती रात्र आपली मानली, कारण त्या रस्त्याने मुंबईला कोण गेले नाही? नव्या पुलासाठी सरकारने १८० दिवसांचा शब्द दिला. आम्ही सगळे हसलो होतो. आपल्याकडे सहा महिन्यांत नुसती निविदा निघत नाही. पण पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी, पाऊस लागायच्या तोंडावर, वाहतुकीसाठी खुला झाला.

इथेही घाई होती. पण तिची तारीख कोणाच्या नाकाने ठरवली नव्हती. ती पावसाळ्याने आणि नदीने ठरवली होती. आणि वेळ कशातून वाचला हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या सरकारी कामात पुष्कळसा काळ काँक्रीट घट्ट होण्यात जात नाही. तो फायली या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात, पैसा मंजूर होण्याची वाट पाहण्यात, यंत्रे येऊन उभी राहण्यात जातो. तो काळ कापला तर पुलाचे काहीच बिघडत नाही. याच महामार्गाच्या चौपदरीकरणाची कथा उलटी आहे. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे काम २०११ साली सुरू झाले आणि तपाहून अधिक काळ रखडले. एवढा वेळ घेतला म्हणून काम पक्के झाले म्हणावे, तर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. संथ काम म्हणजे चांगले काम, अशी आपली एक समजूत असते. या रस्त्याने तिला केव्हाच निरोप दिला आहे.

आणि महाडचे नाव काढल्यावर काजळपुरा आठवल्याशिवाय राहत नाही. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांसारखी बसली. सोळा माणसे गेली. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, तेव्हा सारा महाराष्ट्र रडला. ती इमारत काही ब्रिटिशकालीन नव्हती, अलीकडचीच होती. तिथे काय चुकले याचा निवाडा न्यायालयाने करावा, आम्ही कोण? पण आमच्या छताखाली गर्डर लावताना त्या सोळा जनाज्यांची आठवण प्रत्येकाच्या मनात होती आणि कोणी बोलून दाखवत नव्हते.

मग वेळ कमी करायचा तर कसा? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अभियांत्रिकीच्या पुस्तकात शोधावेसे वाटले, पण ते जानमाजवर सापडले. प्रेषित मुहम्मद (स.) नमाज लांब पढावी अशा इराद्याने उभे राहत, पण मागच्या सफीत एखादे मूल रडू लागले तर त्याच्या आईची घालमेल जाणून नमाज थोडक्यात आटोपत, असे हदीसमध्ये आले आहे. त्यांच्याइतकी हलकी आणि तरीही पूर्ण नमाज दुसऱ्या कोणाच्या मागे आपण पढलो नाही, अशी हजरत अनस (र.) यांची साक्ष आहे. हलकी आणि पूर्ण. हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात? नमाजमध्ये काही गोष्टी लांबवता-आखडता येतात. मोठ्या सूरेऐवजी लहान सूरा पढता येते. पण रुकू आणि सजदा यांत अंग स्थिर झालेच पाहिजे. मस्जिदे-नबवीत एकाने भराभर नमाज उरकली, तेव्हा त्याला परत पाठवण्यात आले. तू नमाज पढलाच नाहीस, पुन्हा पढ, असे तीनदा झाले. आणि रुकू-सजद्यात काटछाट करणाऱ्याला तर हदीसमध्ये सगळ्यांत वाईट चोर म्हटले आहे. दुसऱ्याचे चोरतो तो निदान काहीतरी घरी नेतो. हा स्वतःच्याच नमाजमधून चोरतो.

प्रवासाची नमाज घ्या. जोहर, असर आणि इशा यांच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. फजरच्या दोन दोनच राहतात, मगरिबच्या तीन तीनच. आणि चाराच्या दोन करणारा मुसाफिर त्या दोन घाईने पढत नाही. त्या पूर्णच पढतो. याला कसर म्हणतात. इथे उर्दूच्या मास्तराला एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. उर्दूत कसर दोन आहेत. एक काफ-सुआदची, तिचा अर्थ आखूड करणे. मुसाफिराच्या नमाजची ती हीच. दुसरी काफ-सीनची, पण तो काफ वेगळा. तिचा अर्थ मोडतोड, तूट, उणेपणा; म्हणून उर्दू शाळेत अपूर्णांकालाही कसर म्हणतात. मराठीत आपण कसर राहिली म्हणतो ती ही दुसरी. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारख्याच दिसतात, कानालाही जवळजवळ सारख्याच लागतात. आमचे सारे दुःख इथेच आहे असे आम्हाला वाटते. आम्ही दुसरी कसर करतो आणि लोकांना पहिली म्हणून दाखवतो.

पहिल्या कसरीत लपवाछपवी नसते. इमाम सलाम फेरून उघड सांगतो, मुकीम लोकांनी उरलेल्या रकाती पूर्ण कराव्यात. काय वगळले ते सगळ्यांना ठाऊक असते. आम्ही तसे करू शकलो असतो. वरचा मजला यंदा नाही, टेकू तसेच राहतील, जागा कमी पडली तर अंगणात मांडव घालू, असे जुम्म्याला सांगितले असते तर कोण नाराज झाले असते? झालेच असते दोन-चार जण. पण आम्हाला सगळेच हवे होते, तेही त्याच तारखेला. मग जे दिसते ते पूर्ण केले आणि जे दिसत नाही त्यातून दिवस काढून घेतले.

सिमेंटचे हे न दिसणेच घात करते. लोक म्हणतात काँक्रीट सुकले. वास्तविक ते सुकून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होऊन ते घट्ट होते, म्हणून तर ओले ठेवावे लागते. सात दिवसांत त्याला अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. बांधकामाची जी भारतीय मानक संहिता आहे, आय. एस. ४५६, तिच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत किमान दहा दिवस पाणी सांगितले आहे. राख वगैरे मिसळलेले सिमेंट असेल तर ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. सहा मीटरहून लांब तुळईखालचे टेकू एकवीस दिवस ठेवावेत हेही त्यातच आहे. आमचे मिस्त्री चौथी शिकलेले. त्यांनी हे पुस्तक कधी पाहिले नसेल, पण आकडा तंतोतंत तोच सांगितला होता. कमिटीत आम्ही दोघे पदवीधर होतो. असो.

शादीच्या घरी देग चढते तेव्हा हेच दिसते. कांदा कापायला दहा माणसे बसवा, दहापट लवकर कापून होईल. मटण साफ करायला, तांदूळ निवडायला हात वाढवा. पण दम लागल्यावर बावर्ची कोणाचे ऐकत नाही. नवरदेव आला, बारात दारात उभी राहिली, तरी झाकण उघडत नाही. दम हातांनी लवकर होत नाही. अमेरिकेतील संगणक-शास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली एका पुस्तकात लिहिले की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली की ते काम आणखी लांबते, कारण नव्यांना शिकवण्यातच जुन्यांचा वेळ जातो. ते संगणकाच्या कामाबद्दल बोलत होते, पण बावर्चीने मान डोलावली असती. कोणत्या कामात कांदा किती आणि दम किती, हे ओळखणे हीच अर्धी कारागिरी आहे.

वेगाची एक तिसरी वाटही आहे. तजवीदच्या आलिमांनी कुरआन पठणाचे तीन वेग मान्य केले आहेत: तरतील, तदवीर आणि हदर. हदर म्हणजे जलद, पण प्रत्येक अक्षर आपल्या मखरजमधून निघाले पाहिजे. आमच्याकडे तरावीह पढवायला येणारे हाफिजसाहेब हदरमध्ये पढतात आणि एक शब्द गिळत नाहीत. शाबानचा महिनाभर ते रोज दौर करतात, त्याआधी हिफ्जला चार वर्षे गेली आहेत. रमजानच्या रात्री दिसणारा वेग त्या वर्षांतून आलेला असतो. ही तयारी नसताना वेग धरला की मग मुक्तदींना "यालमून, तालमून" एवढेच ऐकू येते. मोठ्या शहरांत सहा दिवसांची, दहा दिवसांची तरावीह होते. व्यापारी मंडळी त्यात कुरआन पूर्ण ऐकून दुकानाला मोकळी होतात. आम्ही त्यांना हसत असू. तीन दिवसांहून कमी वेळात कुरआन संपवणाऱ्याला तो समजला नाही, अशा अर्थाची हदीस आहे आणि ती आम्ही त्यांना सुनावत असू. हा ग्रंथ उतरायला सुमारे तेवीस वर्षे लागली, हेही सांगत असू. आता सुनावण्याची हिंमत होत नाही, कारण एक हिशेब आमच्याच वर्गाचा निघाला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित शिकवतो. डिसेंबरअखेर निसाब संपला पाहिजे, जानेवारीत सराव परीक्षा. भूमितीच्या पुस्तकात शेवटी त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन येते, म्हणजे पिकाच्या शेवटच्या पाण्यासारखे, उरले तर मिळते. एका वर्षी निवडणुकीचे काम, मग कसलेसे सर्वेक्षण, मग शाळेचा जलसा. मुसल्लसियातसाठी दोन दिवस उरले. आम्ही सूत्रे फळ्यावर लिहिली, ठरावीक चार प्रकारची उदाहरणे उतरवून दिली आणि टाचण वहीत लिहिले, घटक पूर्ण. मुख्याध्यापकांनी सही केली. निकालही उत्तम लागला. त्या वर्गातील एक मुलगी अकरावी विज्ञानाला गेली आणि दोन महिन्यांनी शाळेत आली. मान खाली घालून म्हणाली, "सर, साइन थीटा म्हणजे नेमकं काय असतं? मला सूत्र येतं." तिला वाटत होते, आपलेच काही चुकले. कॉलेजमध्ये तिच्या आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या मुली. त्यांच्यासमोर ती काय समजली असेल? उर्दूच्या मुलींना गणित येत नाही, हेच ना? आमच्या दोन दिवसांची किंमत ती तिथे मोजत होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

करोनाच्या काळात, २०२० च्या जुलैमध्ये, राज्य सरकारने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. आमच्या शिक्षक-कक्षात त्यावर बरीच टीका झाली, आम्हीही केली. आज वाटते, ती निदान पहिली कसर होती. काय वगळले त्याची यादी निघाली. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला ठाऊक होते की मुलांना हे आलेले नाही. २०२१ साली पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही आखला गेला. तो कितपत चालला हा वेगळा विषय. पण आमच्या टाचण वहीतल्या "घटक पूर्ण"वर कोण सेतू बांधणार? जिथे खड्डाच नाही असे आम्ही लिहून दिले होते.

गेल्या डिसेंबरमध्ये पुन्हा तेच झाले, दिवस कमी पडले. या वेळी आम्ही टाचण वहीत लिहिले, उंचीची व अंतराची उदाहरणे शिकवून झालेली नाहीत. मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. "हे असं लिहायचं नसतं, जनाब. तपासणी असते." आम्ही म्हटले, "झालेली नाहीत." बराच वेळ ते वहीकडे पाहत राहिले. सही केली नाही, पण जानेवारीत सकाळी सातचा जादा वर्ग घ्यायला खोली उघडून दिली. थंडीत निम्म्याच मुली आल्या.

मशिदीत वुजूखान्यावर छोटा स्लॅब टाकायचा होता, तो या वर्षी पडला. मिस्त्री तेच. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर खडूने एक रेघ ओढली, दुसऱ्या दिवशी दुसरी. छोट्या स्लॅबला एवढे दिवस लागत नाहीत, पण त्यांनी आम्हाला न विचारता एकवीस ठरवले आणि आम्हीही विचारले नाही. लोक टेकूंमधून वाकून वुजूला जात. ज्या बुजुर्गांनी अल्लाहचे घर म्हटले होते त्यांच्या कपाळाला एका फजरला टेकू लागला, चांगले टेंगूळ आले. ते चोळत ते भिंतीपाशी गेले आणि रेघा मोजू लागले. तेरा झाल्या होत्या.